ठोंब

बियाणं तीनदा आलं.
पहिल्यांदा पोत्यांतून,
दुसऱ्यांदा पाण्यात कालवून टँकरच्या पाइपातून,
तिसऱ्यांदा साहेब स्वतः आले, पिवळी टोपी घालून,
मूठभर फेकली, फोटो झाला.
मी हजेरीपटावर लिहिलं : मारवेल, पेरणी, मजूर बावीस.

उगवलं नाही.
उमरेडकडच्या खाणीचा तो उपसलेल्या मातीचा डोंगर
तसाच राहिला, करडा, तापलेला,
आषाढात घळीघळीने खाली उतरणारा,
नाल्यात, आणि नाल्यातून कोणाच्या तरी वांग्यात.

चौथ्या वर्षी मला नागपूरला पाठवलं.
दिघोरीत म्हणे एक म्हातारी आहे, गवत विकते.
पत्ता नव्हता.
पण अमावस्येला गायीपुढे टाकायची पेंढी
जिच्याकडून घेतात ती कुठे राहते
हे पानठेल्यावर सगळ्यांना ठाऊक होतं.

ठुमाबाई नेहारे.
अंगण नाही. भिंत आणि नाली यांच्यामध्ये
दीड हात जागा.
तिथे कुलरचा फुटका टब,
टबात मारवेल, कमरेएवढं,
जांभळट बोटं वर करून.

तिने एक काडी उपटून माझ्या हातात दिली.
"पेरं पाय."
पेऱ्याभोवती बारीक पांढऱ्या केसांचं कडं होतं.
इतकी वर्षं हजेरी लिहिली,
हे कडं मी कधी पाहिलं नव्हतं.
"तुमच्या पोत्यात दाणा होता का फोल, चोळून पायलं होतं कोणी?
याचं बी अर्धंअधिक फसवते, बापू.
ठोंब लावा लागते. मायच्या अंगाचा."

मग बोरडोहाची गोष्ट, जी मी विचारली नव्हती.
तिचं वावर, जावेचं वावर, मधे धुरा,
धुऱ्यावर मारवेल.
भांडण पाण्यावरून झालं, बोरीवरून झालं,
गवतावरून नाही; दोघी दोन बाजूंनी कापत
आणि मधे विळ्याला विळा लागला की
कोणीच काही न बोलता मागे सरकत.
खाण आली तेव्हा घराचे पैसे मिळाले,
विहिरीचे मिळाले, बोरीचेसुद्धा.
धुऱ्याचे नाही.
धुरा कागदावर नुसती रेघ.

शेवटच्या दिवशी एक ठोंब तिने ओल्या गोणपाटात बांधला
आणि एसटीत मांडीवर घेऊन बसली.
कंडक्टरने लगेजचं तिकीट फाडलं.
"त्या तिकिटाचे पैसे काई तुमच्या कंपनीनं
अजून देल्ले नाही," ती म्हणाली.
हसली की नाही, कळलं नाही.

टब तिनेच पालथा केला.
एका गड्ड्याचे खुरप्याने एकशे अकरा ठोंब झाले.
मोजताना मी दोनदा चुकलो.

डोंगरावर चढताना ती मधेच थांबली.
दम लागला असेल म्हणून मी बाटली पुढे केली.
तिने खाली बसून एक पिवळं ढेकूळ फोडलं,
वास घेतला.
"हा आमच्या विहिरीचा मुरूम.
सत्तावीस हातांवर लागला होता,
मंग पाणी."
आम्ही तेव्हा डोंगराच्या माथ्यावर उभे होतो.
वर घार होती, फार वर नाही.

उताराला आडवी ओळ धरून तिने लावलं,
हातभर अंतरावर, खालची ओळ वरच्याच्या फटीत.
मी लिहिलं : मजूर तेवीस.

आता तिसरा पावसाळा गेलाय.
प्रत्येक बुंध्याच्या वरच्या अंगाला
गाळ अडून राहिलाय, कुठे चार बोटं, कुठे वीत.
नाला अजून गढूळच, पण खालच्या बाया म्हणतात
पयल्यासारखा नाही.
कंपनीने तारेचं कुंपण घातलं,
पाटी लावली : गवत कापण्यास सक्त मनाई.

परवा अमावस्येच्या आदल्या दिवशी
ती फाटकावर आली, पदरात विळा.
रजिस्टरमध्ये रकाना असतो : येण्याचे कारण.
मी पेन धरून बसलो.
"लिव ना," ती म्हणाली,
"धुरा पाहाले आली."

लिहिलं.
संध्याकाळी तिच्या डोक्यावर काय होतं
ते रजिस्टरमध्ये नाही.
मी वर जाऊन पाहून आलो,
प्रत्येक बुंध्याला तिने चार बोटं ठेवली होती.